राष्ट्रीय बालकल्याण संस्थांच्या कार्यकारिणीवर सरकारी अध्यक्ष हवा का?

अंबाजोगाईकर (धागाकर्ता):
मुलांच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रीय संस्था अध्यक्षपदी शासकीय अधिकारी बसवल्याशिवाय सुधारणार नाहीत, असे परवा येथे एका सदस्याने लिहिले आणि भारतीय बालकल्याण परिषदेचा दाखला दिला. १९५७ पासून बालशौर्य पुरस्कार देत आलेल्या या परिषदेपासून केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१९ साली आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून फारकत घेतली, हे खरे आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. सभासद कोणाला करून घ्यायचे आणि एकच पदाधिकारी किती वर्षे खुर्चीवर राहायचा, हे प्रश्न अधिकारी आणून बसवल्याने सुटत नाहीत. ते संस्थेच्या घटनेतच सोडवावे लागतात.

एका राष्ट्रीय संस्थेच्या शाखेमार्फत मी नऊ वर्षे पाळणाघर चालवले. शाखेत दोन गट पडले, दोघांनीही धर्मादाय कार्यालयात आपापला चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याचा अहवाल) दाखल केला आणि बँकेने खाते थांबवले. अकरा महिने सेविकांना मानधन मिळाले नाही. त्या काळात दोघी सेविका घरून तांदूळ आणून मुलांची खिचडी शिजवत होत्या. दिल्लीच्या कार्यकारिणीला आम्ही चार पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही.

लातूरचा निवृत्त लेखापरीक्षक:
आपल्या सेविकांना माझा नमस्कार. परंतु आपण सांगितलेली हकिकत सरकारी अध्यक्ष हवा म्हणणाऱ्या माझ्याच बाजूची आहे. दोन गट भांडत असताना निर्णय देणारा तिसरा माणूस तेथे नव्हता. मी एका बालगृहाची इतिवृत्त वही तपासली होती. तीन वर्षांच्या सात सभा एकाच शाईत आणि एकाच हस्ताक्षरात लिहिलेल्या होत्या, आणि एका सभेला हजर म्हणून ज्यांची सही होती, ते गृहस्थ त्यापूर्वीच वारले होते. सभासदांवर विसंबून राहा म्हणणाऱ्यांनी अशी वही एकदा हातात घ्यावी. पदाधिकाऱ्यांत बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली अहवाल द्यावा लागतो, हेसुद्धा बहुतेक पदाधिकाऱ्यांना ठाऊक नसते.

बीडची शिक्षिका:
सरकारकडे गेले की सगळे सुरळीत होते, या समजाचाच मला राग येतो. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली, पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्थानिक संस्थांनी ती चालवली आणि २०२३ मध्ये ती शासकीय यंत्रणेकडे गेली. त्याआधीची गोष्ट सांगते. माझ्या वर्गातली नववीची मुलगी, आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर जायच्या तयारीत, म्हणून लग्न उरकायचे ठरलेले. मी फोन केला तेव्हा मुलीच्या अंगाला हळद लागली होती. स्थानिक संस्थेचा कार्यकर्ता तासाभरात मोटारसायकलवर आला, कारण त्याला वाडी माहीत होती आणि मुलीचा मामाही ओळखीचा होता. पदनाम देऊन अशी ओळख तयार होत नाही.

परभणीहून:
ताई, आपला कार्यकर्ता आला, हे त्या मुलीचे नशीब. मी अशाच एका स्थानिक संस्थेत होतो. पगार पाच महिने थकला, तिघांनी काम सोडले आणि फोन आला तर जायला माणूसच उरला नाही. वर बसलेल्यांना आम्ही जाब विचारू शकत नव्हतो. मुळात खेड्यात बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवकच असतो. कायद्याचा अधिकार त्याचा आहे, मोटारसायकलवाल्याचा नव्हे.

बीडची शिक्षिका:
ग्रामसेवक त्याच लग्नाच्या पंगतीला बसलेले मी पाहिले आहेत. आपण कागदावरचा अधिकार सांगत आहात आणि मी डोळ्यांनी पाहिलेले सांगत आहे.

परभणीहून:
थकलेला पगार मीही डोळ्यांनीच पाहिला. आपल्या एका अनुभवासाठी आमचे पाच महिने खोटे ठरवू नका.

अंबाजोगाईकर:
हेल्पलाइनचा वाद महत्त्वाचा आहे, पण तुम्हा दोघांचीही तक्रार अखेर एकच आहे: जो काम करतो, त्याला वरच्याला प्रश्न विचारता येत नाही. शासनाकडून भरीव निधी घेणाऱ्या संस्थांना माहितीचा अधिकार लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ सालीच सांगितले आहे. तो वापरावा, शाखांचे निवडून आलेले प्रतिनिधी कार्यकारिणीत असावेत आणि सलग दोन मुदतींनंतर पद सोडावे. अधिकारी तर दोन-तीन वर्षांत बदलून जातो, त्याला कोण विचारणार?

लातूरचा निवृत्त लेखापरीक्षक:
अध्यक्ष अधिकारीच हवा, हा हट्ट मी सोडतो. बाहेरचा लेखापरीक्षक आणि एक शासननियुक्त सदस्य मात्र हवाच. आता मला एवढेच सांगा, की ज्या शाखेतून आपण प्रतिनिधी निवडून पाठवणार होता, तिथे आजीव सभासदत्वाची वर्गणी किती होती आणि त्या दोन सेविकांपैकी सभासद कोण होती?

अंबाजोगाईकर:
वर्गणी पाच हजार रुपये होती आणि सेविकेचे मानधन महिन्याला तीन हजार. दोघींपैकी एकही सभासद नव्हती. नऊ वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आले नाही. तेवढ्यापुरते आपले म्हणणे मला मान्य करावे लागते.