कुत्रीचा पहिला माज लांबवल्यास पुढे पिल्ले होण्यात अडचण येते का?

इझारकाठ (म्युनिक)
आमची लॅब्राडॉर कुत्री चौदा आठवड्यांची आहे. जर्मनीत वैद्यकीय कारणाशिवाय निरोगी जनावराची नसबंदी करण्यास प्राणिसंरक्षण कायदा आडवा येतो, म्हणून पशुवैद्यांनी पहिला माज लांबवण्यासाठी डेस्लोरेलिन या औषधाची ‘चिप’, म्हणजे त्वचेखाली बसवायचे ४.७ मिलिग्रॅमचे इम्प्लांट, सुचवले आहे. पुढे तिचे एक वेत घ्यावे, अशी आमची इच्छा आहे. वयात येण्याआधीच संप्रेरकांत ढवळाढवळ केली तर गर्भाशय खुरटेल, असे सासूबाईंनी सांगलीहून बजावले आहे. ही भीती कितपत खरी आहे?

पशुवैद्यक
सासूबाईंची शंका अगदीच निराधार नाही. इम्प्लांटचा अंमल असेपर्यंत अंडाशय व गर्भाशय लहानच राहतात, परंतु तो ओसरल्यावर त्यांची वाढ होते आणि नंतर अंडमोचन व गर्भधारणा झाल्याच्याही नोंदी आहेत. मेंदूतून जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून सुटते व त्या ठोक्यांवर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी चालते. त्याच जातीचे औषध, म्हणजे डेस्लोरेलिन, अखंड झिरपू लागले की पिट्युटरी दाद देईनाशी होते आणि अंडाशयाला चालना देणारी तिची संप्रेरके, एफएसएच व एलएच, उतरतात. सुरुवातीचे काही दिवस मात्र दोन्ही उलट वाढतात, त्यामुळे प्रौढ कुत्री इम्प्लांटनंतर लवकरच माजावर येऊ शकते. १२ ते १६ आठवड्यांच्या पिल्लाचे अंडाशय सहसा त्या हाकेला ओ देण्याइतके तयार नसतात, आणि युरोपीय संघातील मान्यताही याच वयासाठी आहे. तेव्हा निर्णय घ्यायचा असेल तर दोन आठवड्यांत घ्यावा.

चारपायी
आमच्या कुत्रीला बसवलेले इम्प्लांट तांदळाच्या दाण्याएवढे होते. पहिला माज विसाव्या महिन्यात आला. तोपर्यंत तिची योनी पिल्लासारखीच बारीक होती, मग चार दिवसांत सुजली आणि फरशीवर रक्ताचे थेंब दिसू लागले. दुसऱ्या माजात योग्य दिवस कळावा म्हणून रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासून जोड लावला व पाच पिल्ले झाली. इम्प्लांट बसवल्याची तारीख आधीच्या दवाखान्याने कार्डावर लिहिलीच नव्हती, त्यामुळे माजाची वाट किती पाहायची हे कळेना. तुम्ही ती स्वतः टिपून ठेवा.

पशुवैद्यक
पहिला माज इम्प्लांट बसवल्यानंतर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत केव्हाही येऊ शकतो, त्यामुळे वेताचे वेळापत्रक आधीच आखू नये. इम्प्लांटमुळे हाडांची वाढपट्टीही, म्हणजे हाडाच्या टोकाजवळचा जिथून हाड लांब होते तो भाग, उशिरा बंद होते. मोठ्या जातीत हे जरूर विचारात घ्यावे. मात्र ‘माज थांबवण्याचे’ मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन कोणी सुचवले तर नकार द्यावा. त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन पुढे पू साचण्याचा धोका असतो, शिवाय कुत्रीच्या स्तनग्रंथीतून वाढसंप्रेरक स्रवू लागून मधुमेहही होऊ शकतो. गर्भाशयाची काळजी करायचीच असेल, तर ती या इंजेक्शनाची करावी.

इझारकाठ
आभारी आहे. नको वाटल्यास इम्प्लांट काढता येते का?

पशुवैद्यक
येते. त्यासाठी ते खांद्यांमध्ये न बसवता बेंबीजवळ बसवण्यास सांगा. तेथे ते बोटांना सापडते.