मदत हवी आहे: एलएम १८७५, सिग्नल नसतानाही हीटसिंक तापतोय

घोडबंदरकर (धागाकर्ता)
मंडळी, एलएम १८७५ या पॉवर ॲम्प आयसीचा स्टिरिओ ॲम्प बांधलाय. आवाज येतो, पण इनपुटला काहीच नसताना पाच मिनिटांत हीटसिंकला बोट टेकवता येत नाही. दोन्ही चॅनेलचं तेच. आयसी बदलून झाले. आउटपुटला डीसी १२ मिलिव्होल्ट, म्हणजे ठीकच. सर्किट डेटाशीटमधलंच आहे. रविवारी लावायचाय, पटकन सांगा काय बदलू.

ओहमकाका
सप्लाय किती? हीटसिंक केवढा? पीसीबी की व्हेरोबोर्ड (तांब्याच्या पट्ट्यांचा तयार बोर्ड)? यातलं काहीच न सांगता "काय बदलू" विचारलंत तर उत्तर एकच: सगळं.

ऐरोली_सोल्डर
आयसी कुठून घेतले? लॅमिंग्टन रोडवर या नंबरचे नकली आयसी भरपूर मिळतात. अगदीच स्वस्त मिळाला असेल तर आधी शंका तिथेच घ्या.

घोडबंदरकर
ट्रान्सफॉर्मर १८-०-१८, रेल (सप्लायच्या प्लस-मायनस लाइन) ±२५ व्होल्ट येतात. व्हेरोबोर्ड. हीटसिंक चांगला तळहाताएवढा आहे हो, तो प्रश्नच नाही. आयसी दोन वेगळ्या दुकानांतले, सगळे सारखेच तापतात.

नितळ
मग आयसी सोडा, तो ऑसिलेट होतोय, म्हणजे इनपुट नसताना स्वतःच हाय फ्रिक्वेन्सीचा सिग्नल काढतोय. तपासायला स्कोप नसेल तर प्लस रेलमध्ये सिरीजला ॲमीटर लावा. एका आयसीचा निवांत करंट साधारण ७० मिलिॲम्प, फार तर १००. तीनशे-चारशे दिसला की समजा आत शिट्टी चालू आहे, फक्त आपल्या कानाच्या वरची. मल्टिमीटरच्या एसी रेंजवर विसंबू नका, शेकडो किलोहर्ट्झला साधा मीटर काहीही दाखवतो. मीडियम वेव्हचा रेडिओ जवळ नेऊन ॲम्प चालू-बंद करूनही कळतं.
आणि झोबेल (आउटपुटवरची रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावलंय ना? पिन ४, म्हणजे आउटपुटपासून ग्राउंडला १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड.

घोडबंदरकर
लावलंय. त्यातलाच १ ओहम काळा पडलाय, पण तो पाव वॉटचा होता म्हणून असेल. करंट ३८० मिलिॲम्प.

नितळ
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! १ किलोहर्ट्झला तो कपॅसिटर ७०० ओहमच्या वर असतो, रेझिस्टरला काही कामच नाही. ५०० किलोहर्ट्झला तोच जेमतेम दीड ओहम. रेझिस्टर जळला म्हणजे तिथून हाय फ्रिक्वेन्सीचा करंट वाहतोय, वॉटेजचा दोष नाही. फीडबॅकचे, म्हणजे आउटपुटचा हिस्सा परत इनपुटला देऊन गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ठरवणारे दोन रेझिस्टर किती?

व्हॉल्व्हवेडा
मुळात एवढा फीडबॅक घालायचाच कशाला? सिंगल एंडेड ट्रायोडचा व्हॉल्व्ह ॲम्प, लूप फीडबॅक शून्य, ऑसिलेशनची कटकटच नाही.

ओहमकाका
आणि आउटपुट इम्पिडन्स वाढून बास ढिला, त्याचं काय? ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर म्हणजे तरी दुसरं काय, शंभर टक्के फीडबॅकच. विचारलंय आयसीबद्दल.

ऐरोली_सोल्डर
फीडबॅक रेझिस्टरवर ४७ पिकोफॅरड समांतर टाका, ऑसिलेशन थांबतं. हमखास.

नितळ
इथे ते करू नका. हा आयसी १० किंवा जास्त गेनलाच स्थिर आहे. तो कपॅसिटर वरच्या फ्रिक्वेन्सीला गेन खाली ओढत ओढत १ वर नेतो, म्हणजे नको तिथेच फीडबॅक वाढवतो. युनिटी गेनला स्थिर असलेल्या ऑप-ॲम्पला चालतं, याला नाही.

ऐरोली_सोल्डर
टीडीए २०३० या तशाच आयसीमध्ये अशी आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) दाखवतात की.

नितळ
तिथे कपॅसिटरला सिरीज रेझिस्टर असतो, त्यामुळे गेन कुठे थांबायचा ते ठरतं. नुसता कपॅसिटर वेगळा.

घोडबंदरकर
वाद नंतर घाला हो. २०के (किलोओहम) च्या जागी ४.७के घातलाय, खाली १के आणि २२ मायक्रोफॅरड. डॅकमधून (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणारी पेटी) आवाज फार येत होता म्हणून गेन कमी केला. बाकी सगळं डेटाशीटचंच.

ओहमकाका
"बाकी सगळं"!

नितळ
सापडलं. तुमचा गेन ५.७. गेन २१ असताना फीडबॅकच्या लूपचा गेन २५०-२६० किलोहर्ट्झच्या आसपास १ वर येऊन संपतो. तुमच्याकडे तो मेगाहर्ट्झजवळ गेला. तिथे आयसीच्या आतल्या टप्प्यांचा उशीर वाढतो, आणि १८० अंश जादा फेज सरकली तेव्हा लूपमध्ये गेन अजून १ च्या वर असेल तर निगेटिव्ह फीडबॅकच पॉझिटिव्ह होतो. गेन कमी केल्यावर ॲम्प शांत व्हायला हवा असं वाटतं, पण गेन कमी म्हणजे फीडबॅक जास्त.

२०के परत लावा. आवाज इनपुटला कमी करा: सिग्नलला सिरीज १८के, मग ग्राउंडला १०के, आणि त्यानंतर तुमचा इनपुट कपॅसिटर व २२के. सिग्नल साडेतीन पटींहून थोडा जास्त उतरेल, हवा होता तेवढाच. डिव्हायडर कपॅसिटरच्या आधीच ठेवा, म्हणजे पिन १ ला (इनपुट) डीसीसाठी २२के च दिसेल आणि ऑफसेट (आउटपुटवरचा डीसी) हलणार नाही. १के चं ग्राउंड इनपुट ग्राउंडला, स्पीकरच्या परतीच्या वायरला नाही. पिन ३ आणि ५ ला (मायनस आणि प्लस सप्लाय) लागूनच प्रत्येकी ०.१ सिरॅमिक आणि १०० मायक्रोफॅरड. व्हेरोबोर्डवर दोन इंच लांब ठेवलात तर न लावल्यासारखंच. झोबेलचा १ ओहम नवा, एक वॉटचा.

कोपरखैरणे_मंडळ
आमच्या मंडपात माइक शिट्टी मारतो, त्यालाही २०के लावू का?

ओहमकाका
तो फीडबॅक हवेतून फिरतो, रेझिस्टरने नाही जाणार. स्पीकर माइकच्या पुढे काढा, माइक तोंडाजवळ आणा, न वापरलेले माइक बंद करा. उघडे माइक दुप्पट झाले की ३ डीबी हातचे जातात. वेगळा धागा काढा.

व्हॉल्व्हवेडा
पॉझिटिव्ह फीडबॅक नेहमी वाईटच असं नाही बरं का. जुन्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधलं बूटस्ट्रॅप तेच आहे, फक्त गेन एकाच्या किंचित खाली ठेवून.

घोडबंदरकर
बदललं. डावा चॅनेल ७२ मिलिॲम्प, हीटसिंक कोमट. उजव्याला मात्र पिन ४ वर −२४ व्होल्ट दिसतात आणि स्पीकरचा कोन आत ओढल्यासारखा झालाय. हे काय आता?

नितळ
स्पीकर आत्ताच्या आत्ता काढा! आयसीचा टॅब आतून पिन ३ ला, म्हणजे मायनस रेलला जोडलेला असतो. मीटर बंद सप्लायवर लावून पिन ३ आणि ४ मध्ये सोल्डरचा पूल आहे का बघा. नसेल तर तो आयसी गेला. नवा लावताना टॅब हीटसिंकपासून वेगळा राहायला खाली मायका आणि बुश, आणि पहिल्यांदा मेन्सच्या वायरमध्ये ६० वॉटचा सिरीज बल्ब लावून, स्पीकरशिवाय चालू करा. पिन ४ वर ५० मिलिव्होल्टच्या आत आलं की मगच स्पीकर.

घोडबंदरकर
काढला. पूल नाही, आयसीच गेलाय. मायका नव्हता लावला, दोन्ही एकाच हीटसिंकवर आहेत.

ओहमकाका
आणि हीटसिंक पेटीच्या धातूला टेकलाय का, तेही आत्ताच सांगून टाका.