मदत हवी आहे: रूमवर आग लागली तर बाहेर पडायचं कसं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही चौघं कॉट बेसिसवर राहतो, दुसरा मजला. जिना एकच. त्याच जिन्याखाली सगळ्यांचे मीटर आणि मीटरला चिकटून पाच-सहा गाड्या, टाक्यांत पेट्रोल असलेल्या. खिडक्यांना पक्क्या जाळ्या, आणि रात्री साडेदहाला मालक खालच्या गेटला कुलूप लावून चावी उशाशी घेऊन झोपतात. माणूस चांगला आहे हो, भाकरी-आमटीसुद्धा पाठवतात, पण हा विषय काढला की "इतक्या वर्षांत काय झालं नाही" एवढंच ऐकायला मिळतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अख्ख्या कोल्हापूरनं पाहिलं, तरी!

परवा एकाच एक्स्टेंशन बोर्डवर इंडक्शन आणि पाणी तापवायची कॉइल लावली, तर वायर वितळून धूर झाला. एकजण बादली घेऊन धावला. नशीब, दुसऱ्यानं त्याला अडवून आधी मेन स्विच पाडला. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

१०१, ११२ आणि गॅस गळतीसाठी १९०६ हे नंबर दारामागे लिहून ठेवलेत. पुढचं तुम्ही सांगा. वायर आणि गॅस दोन्हींच्या आगीला चालणारा, आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर खोलीसाठी दोन किलोचा पुरेल का? शहरात खात्रीचा कुठं मिळेल, रिफिल कोण करून देतं? आणि मुख्य म्हणजे, गेटची एक चावी आमच्याकडे ठेवायला मालकांना कुणी कसं पटवलंय? भांडण नकोय, परीक्षा तोंडावर आहे, दुसरी रूम आत्ता परवडणारी नाही.