शब्दचर्चा : झुंजुमुंजू, पडछाया, एकांत

प्रश्न : फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या सेन नदीवरच्या सकाळींच्या चित्रमालिकेवर (१८९६-९७) टिपण लिहायचं आहे. उजेडासाठी ‘संधिप्रकाश’ आणि एकंदर भावासाठी ‘एकाकीपणा’ चालेल का?

– ‘संधिप्रकाश’ चूक नाही, पण वाचकापुढे तिन्हीसांजा उभी राहील. मोने पहाटे साडेतीनच्या सुमारास कामाला लागे, जिव्हर्नी गावाजवळ नांगरलेल्या नावेत बसून. ही वेळ झुंजुमुंजूचीच. मात्र हा शब्द अख्ख्या मालिकेला लावू नका. चौदा कॅनव्हास एकाच वेळी सुरू असत. उजेड पालटला की हातातला बाजूला आणि पुढचा समोर. तेव्हा चित्र पाहून ठरवा : झुंजुमुंजू, मग तांबडं फुटणं, मग उजाडणं, शेवटी कोवळं ऊन.

– पाण्यातल्या झाडांना ‘सावली’ म्हणणं टाळा, ही चूक फार होते. सावली कुठे पडणार ते सूर्य ठरवतो, प्रतिबिंब कुठे दिसणार ते पाहणाऱ्याची जागा. सूर्य उगवण्याआधी ठसठशीत सावली पडतच नाही, प्रतिबिंब मात्र दिसतं. ‘पडछाया’ दोन्ही अर्थांनी चालते, म्हणूनच इथे घोटाळा करते.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं धुक्याचं चित्र (१८९७) बघा. साधारण ९० बाय ९३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चौरस. झाडी आणि तिचं प्रतिबिंब यांच्या छटा इतक्या जवळच्या आहेत की काठाची रेघ शोधावी लागते. अशा जागी ‘प्रतिबिंब उमटलं आहे’ लिहिलं तर कडा धारदार वाटतात. ‘झाडी पाण्यात विरली आहे’ हे जास्त खरं.

– आणि ‘एकाकीपणा’?

– तो नको. एकाकी माणसाला सोबत हवी असते आणि ती नसते. इथे माणूसच रंगवलेला नाही. ‘निर्जन’ बरोबर आहे, पण कोरडा. ‘भकास’, ‘ओसाड’ यांत उजाडपणा येतो, आणि ही झाडी तर गच्च आहे.

– माझं मत ‘एकांत’ला. अलीकडचा काठ चित्रात नाही. पाणी थेट खालच्या कडेपर्यंत येतं. त्यामुळे पाहणाराच नावेत बसलेला असतो, एकांत त्याला मिळतो. ‘नदीवरचा एकांत’ लिहा. ‘मोनेचा एकांत’ मात्र नको : कॅनव्हास हातात द्यायला त्याच्याबरोबर मदतनीस असे.