मदत हवी आहे: जुलैत बोस्टनजवळ बाबांना मासेमारीच्या बोटीवर न्यायचंय, देवमासेही दाखवायचेत

नमस्कार मंडळी,

आम्ही बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातले. ताई नोकरीमुळे बोस्टनशेजारी क्विन्सीला असते. यंदा आईबाबांचे व्हिसे झाले, जूनच्या मध्याला आम्ही तिघं निघतोय आणि नारळी पौर्णिमेच्या आत परत. दिवस बाबांनीच ठरवले. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, बोटी वर ओढलेल्या, जाळी काय शेजारचा पोरगाही सांधेल, म्हणाले.

नायगारा वगैरेत त्यांना काडीचा रस नाही. पण ताईने सांगितलं की तिथे उन्हाळ्यात भाड्याच्या बोटीने मासे धरायला नेतात आणि दुसऱ्या बोटी देवमासे दाखवायला नेतात. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बाबा तांडेल (बोटीचे प्रमुख) होते, जन्म डोल जाळं लावण्यात गेला. "पैसे देऊन दुसऱ्याच्या बोटीवर मासे मारायचे?" हे रोज एकदा म्हणतात आणि लगेच "बोट केवढी असते रे?" असंही विचारतात.

दोन्हींसाठी एकच बोट मिळते का, की वेगवेगळं बुकिंग करावं लागतं? टुरिस्ट व्हिसावर मासेमारीचा परवाना लागतो का? धरलेला मासा घरी आणू देतात का? हा बाबांचा मुख्य प्रश्न आहे. बघून सोडून द्यायचा असेल तर ते येणार नाहीत. आईला गाडी लागते, बोट तर लागतेच (कोळ्याच्या घरात हे बोलायची सोय नाही). बाबांचे गुडघे दुखतात आणि बीपीची गोळी चालू आहे. जुलैत देवमासे खरंच दिसतात का, तेही सांगा. आपल्याकडे पेपरात देवमासा येतो तो "व्हेलची उलटी जप्त" याच बातमीत.

— खाडीकाठ

चार्ल्सकाठचा म्हणतो:

बारा वर्षं बोस्टनलाच आहे, पाहुणे आले की हे आलंच. जुलै उत्तम. बोस्टनच्या पूर्वेला, केप ॲन आणि केप कॉड या भूशिरांच्या मधोमध स्टेलवेगन बँक नावाचा पाण्याखालचा उथळ पट्टा आहे. 1992 पासून तो राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे. तिथे वाळूत राहणारे सँड लान्स नावाचे बारीक मासे थव्याने असतात, ते खायला हंपबॅक, फिन आणि मिंकी देवमासे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर येतात. हंपबॅक पाण्याखालून बुडबुड्यांचं कडं करून माशांना मध्ये कोंडतात आणि तोंड उघडून खालून वर येतात. तुमच्या बाबांना हे बघायला फार आवडेल, कारण ही सरळसरळ मासेमारीच आहे. पक्षी कुठे घिरट्या घालतायत ते त्यांना इतरांच्या आधी दिसेल, पैज.

देवमाशांची मोठी बोट बोस्टनला लाँग वॉर्फवरून, मत्स्यालयाच्या शेजारून सुटते. साडेतीन-चार तास लागतात. तिकीट माणशी सत्तर-ऐंशी डॉलरच्या घरात. बोटीवर एक अभ्यासक असतो, तो प्रत्येक हंपबॅक शेपटीच्या खालच्या बाजूच्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांवरून ओळखतो. एकही दिसला नाही तर बहुतेक कंपन्या पुन्हा येण्याचं तिकीट देतात, तरी बुक करताना विचारा. आत बसायला बंद जागा आणि शौचालय असतं, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको. वरच्या डेकचा जिना मात्र उभा आहे.

मासेमारीची बोट वेगळी. दोन्ही एकत्र विकणारे मी पाहिले नाहीत. पण स्टेलवेगनवर गळ टाकून बसलात आणि शेजारी हंपबॅक वर आला, असं होतं.

ग्लॉस्टरप्रेमी म्हणतो:

वरच्यात भर. मासेमारीच्या बोटी दोन तऱ्हेच्या. "चार्टर" म्हणजे अख्खी बोट तुमची, बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त सहा गिऱ्हाइकं, आणि बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. "पार्टी बोट" म्हणजे वडाप. माणशी तिकीट, कठड्याला खेटून तीस-चाळीस जण. तुम्ही चौघं असाल तर आधी पार्टी बोट करा, मजा वाटली तर चार्टर.

परवान्याचं टेन्शन घेऊ नका. मॅसॅच्युसेट्समध्ये 16 वर्षांवरच्या माणसाला समुद्रात गळ टाकायला परवाना लागतो, पण परवानाधारक भाड्याच्या बोटीवर गिऱ्हाइकाला वेगळा लागत नाही, बोटीचाच चालतो. ताईच्या घराजवळ धक्क्यावर उभं राहून गळ टाकायचा असेल तर मात्र काढा. साठीच्या वरच्यांना फुकट आहे.

आता मुख्य प्रश्न. मासा घरी आणता येतो, पण कुठला ते बघून. ग्लॉस्टर या बोस्टनच्या उत्तरेकडच्या बंदरातून सुटणाऱ्या बोटी बहुधा हॅडॉक नावाचा मासा धरायला जातात, तो ठेवता येतो. गळाला कॉड मासा लागला तर जुलैत सोडावा लागतो. चार्टरवर लोक जातात ते स्ट्राइप्ड बास या माशासाठी, आणि तिथे बाबा चिडणार: माणशी दिवसाला एकच, तोही 28 इंचांपेक्षा छोटा नको आणि 31 किंवा त्याहून मोठा नको. म्हणजे मोठा जाड मासा आला की फोटो काढून पाण्यात. त्यात अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या असतात म्हणून. बाबांना हे पटवायला फार अवघड जाऊ नये, आपल्या सरकारनेही 2023 मध्ये 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिलाच आहे. उलट्या बाजूची मर्यादा तेवढी नवीन.

बोटीवरचा खलाशी मासा कापून तुकडी करून देतो. त्याला तिकिटाच्या पंधरा-वीस टक्के बक्षीस द्यायची पद्धत आहे, ते आधीच धरून चाला. आणि डोकं-काटा हवा असेल तर त्याला आधी सांगा, नाहीतर कालवणाचा जीवच समुद्रात फेकून मोकळा होईल.

उगाच_एक म्हणतो:

एवढं कशाला? श्रीलंकेत मिरिसाला निळे देवमासे दिसतात, खर्चही निम्मा.

चार्ल्सकाठचा म्हणतो:

@उगाच_एक, मिरिसाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. जून-जुलैत तिकडे नैऋत्य मोसमी वारे, समुद्र खवळलेला. आणि ह्यांची लेक क्विन्सीला आहे, मिरिसाला नाही.

डॉक्टर_वाशी म्हणतो:

आईंसाठी: उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या तासभर आधी घ्यायची. कुठली, ते तुमच्या डॉक्टरांना इथेच विचारून घेऊन जा. काहींनी खूप झोप येते. पोट रिकामं ठेवू नका, तळलेलंही नको. बोटीच्या मधल्या किंवा मागच्या भागात बसवा, नाळेकडे (पुढच्या टोकाला) सगळ्यात जास्त आपटतं. नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. बाबांची बीपीची गोळी चुकवू नका आणि परदेशी जाताना आरोग्य विमा काढाच. वयस्कर माणसांना घेऊन अमेरिकेत त्याशिवाय जाणं म्हणजे जुगार आहे.

शिवाय कपडे. काठावर तीस डिग्री असली तरी पाणी थंड असतं आणि बोट वेगात जाते. स्वेटर, कानटोपी, वर वारा अडवणारं जाकीट. इथल्या जुलैच्या हिशोबाने गेलात तर देवमासा राहील बाजूला.

खाडीकाठ म्हणतो:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. एकतीस इंचांचं ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरोबर हाय त्यांचा. मोठी मादी मारली तं पुढच्या साली काय मिलंल?" आईने फक्त विम्याचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

ठरलंय असं: आधी लाँग वॉर्फवरून देवमासे, आई आत बसेल. आईला झेपलं तर पुढच्या आठवड्यात ग्लॉस्टरची पार्टी बोट, नाहीतर मी आणि बाबाच जाऊ. ट्रेनने जमेल ना? आणि एक उरलंच: बाबांना ती चरखीची काठी नको आहे. दोरी हातात हवी, माशाचं वजन हाताला कळतं म्हणतात. पार्टी बोटीवर स्वतःची दोरी-गळ चालतो का?

ग्लॉस्टरप्रेमी म्हणतो:

ट्रेन आहे, बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून तासाभरात ग्लॉस्टर. पण सकाळच्या बोटी लवकर सुटतात, वेळ जुळत नसेल तर ताईला गाडी काढायला लावा.

स्वतःचं सामान बहुतेक ठिकाणी नेता येतं. हातदोरीचा प्रश्न वेगळा आहे. पाणी खोल, शेजारी दोन्हीकडे लोक खेटून, पाण्याला ओढ असली की दोरी वाहत जाऊन चारपाच जणांच्या गळात गुंतते आणि मग सगळे तुमच्याकडे बघतात. कप्तानाला आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि बाबा तांडेल होते हे त्यात नक्की सांगा. गर्दी कमी असेल तर मागच्या कोपऱ्यात जागा देईल. शनिवार-रविवार टाळा.