फरुगची कविता आधी वाचा, मग तिच्या आयुष्यावर बोला

अबोली : काल येथे कुणी लिहिले की इराणची फारसी कवयित्री फरुग फर्रुखजाद घटस्फोट, प्रेमप्रकरण आणि बत्तिसाव्या वर्षीचा अपघाती मृत्यू यांमुळेच गाजली, एरवी ती बेताचीच कवयित्री होती. हे वाचून फार वाईट वाटले, म्हणून सविस्तर लिहिते. १९५८ पर्यंत आलेल्या ‘असीर’, ‘दीवार’ आणि ‘इसियान’ या तीन संग्रहांत आत्मकथन भरपूर आहे, हे मला मान्य आहे. पण तिच्या मृत्यूनंतर आलेल्या संग्रहातील बागेवरची कविता आपण वाचली आहे का? अंगणातली बाग मरत आहे. बाप ‘शाहनामा’ हे जुन्या राजांचे महाकाव्य उघडून बसला आहे, आईला प्रत्येक गोष्टीत पापाची पावले दिसतात, भाऊ बागेला कब्रस्तान म्हणतो आणि शेजारी आपापल्या अंगणात फुलांऐवजी तोफा आणि मशीनगन लावतात. यात तिचा घटस्फोट कुठे आहे?

दगडफूल : ते मत माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. १९५०च्या दशकात तिची ‘गुनाह’ ही कविता छापून आली, तेव्हा तेहरानात खळबळ माजली ती एका विवाहित स्त्रीने उघडपणे सुख सांगितले म्हणून. तीच कविता पुरुषाच्या नावाने आली असती, तर कुणी ढुंकूनही पाहिले नसते.

पैलतीर : आपण दोघेही ही कविता इंग्रजीतून वाचत आहात, हीच खरी अडचण आहे. बागेच्या कवितेचे नाव इंग्रजीवरून आणले की ‘मला बागेची कीव येते’ असे होते. फारसीत ‘दिलम मीसूजद’ आहे, म्हणजे काळीज जळते. मराठीत ‘बागेसाठी जीव जळतो’ हे आयते उपलब्ध आहे. चार वर्षे फारसी शिकून मी ही कविता मूळावरून मराठीत आणली, तर एका मासिकाच्या संपादकांनी ‘इंग्रजी भाषांतराशी जुळत नाही’ म्हणून ती परत पाठवली. तो घाव अजून भरलेला नाही.

दगडफूल : मग ‘गुनाह’चे काय करणार? गुन्हा तर आपलाच शब्द आहे.

पैलतीर : आपल्याकडे गुन्हा पोलिसांत नोंदवतात. तेथे ‘पाप’च हवे.

दगडफूल : ‘पाप’ लिहून आपण तिच्यावर आपल्या सोवळ्याओवळ्याचे ओझे लादत आहात! मूळ भाषा येते म्हणून इतरांनी तोंड उघडू नये, हा अहंकार आहे.

शेवंती : शब्दांवरून भांडताना माणूस विसरू नका. माझ्या मावशीच्या घटस्फोटानंतर तिचा मुलगा तिच्या सासरीच राहिला. फरुगने ‘तुझ्यासाठी एक कविता’ आपल्या मुलाला, कामियारला उद्देशून लिहिली, कारण त्याचा ताबा तिला मिळाला नव्हता. मी ती मावशीला वाचून दाखवली, तेव्हा तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि बराच वेळ ती काहीच बोलली नाही. अबोलीताई, चरित्र बाजूला ठेवून ही कविता वाचा, असे मावशीला कोणत्या तोंडाने सांगू?

अबोली : मावशींना तसे सांगू नये, हे मी मान्य करते, माझा राग तिचे चरित्र चघळण्यावर आहे, ते जाणण्यावर नाही. पण तिची नजर स्वतःपुरती नव्हती. १९६२ मध्ये तिने तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत ‘खाने सियाह अस्त’ (घर काळे आहे) हा लघुपट केला. त्यातील वर्गात मास्तर सुंदर गोष्टींची नावे विचारतात, तेव्हा मुलगा चंद्र, सूर्य, फूल, खेळ म्हणतो. कुरूप गोष्टी विचारल्यावर दुसरा म्हणतो : हात, पाय, डोके. त्याच वसाहतीतले एक मूल तिने पुढे दत्तक घेतले.

दगडफूल : लघुपट आत्ताच पाहिला. तो आणि बागेची कविता थोर आहेत, इतके मान्य करतो. पहिल्या तीन संग्रहांबद्दलचे मत मात्र बदलणार नाही.

पैलतीर : ‘कीव’ तरी मागे घ्या.