गरम तळ्यात गाळ कमी साठतो?

वीजकेंद्राचं गरम पाणी पडणाऱ्या तळ्यात सगळं लवकर कुजतं, म्हणून गाळ कमी साठतो, असं काहीजण म्हणतात; ते अर्धंच बरोबर आहे भावा. १० अंश वाढले की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. पण २० अंशांना लिटरभर पाण्यात ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला जेमतेम ७.५. तळाशी तो संपला की कुजणं रेंगाळतं, गाळातला फॉस्फरस सुटतो आणि त्यावर वाढलेलं शेवाळ कुजायला नवा माल तयार करतं.

पोलंडमधल्या कोनिनच्या तळ्यांत वीजकेंद्रांचं गरम पाणी कालव्यांतून फिरत असे. कोल्हापूरच्या रंकाळ्याचं दुखणं सांडपाण्याचं, त्यामुळं एका तळ्याचे आकडे दुसऱ्याला चिकटवू नका.

मोजायचंच असेल तर नमुना पहाटे घ्या, दुपारी शेवाळामुळं ऑक्सिजन फुगलेला दिसतो. सीओडी (पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा) गाळलेल्या आणि न गाळलेल्या, दोन्ही पाण्याचा काढा. फरक बहुतेक शेवाळ नि तरंगत्या कचऱ्याचा. सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. बीओडीच्या (जिवाणूंना घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो त्या चाचणीच्या) बाटलीत मात्र आम्ल अजिबात नको, जिवाणूच मरतात; ती बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला द्या. आपल्याकडं बीओडी २७ अंशांना ३ दिवस ठेवून मोजतात, परदेशी आकडे २० अंशांना ५ दिवसांचे. तुलनेआधी एवढं बघाच.